उणे चाळिशीतला आर्मरर

फिनलंडचं लाहती एल-३५ हे पिस्तूल कडाक्याच्या थंडीत चालावं म्हणून घडवलं गेलं. त्यासाठी आयमो लाहती यांनी ते सगळीकडून इतकं बंदिस्त केलं, की ज्याच्या कमरेला ते होतं त्यालाच ते पुरतं उघडता येईना. उघडायचं काम दुसऱ्याकडे गेलं. तो दुसरा म्हणजे रेजिमेंटचा शस्त्रदुरुस्ती करणारा आर्मरर, आणि त्याचा एक दिवस इथे मांडतो आहे. महिना जानेवारी, साल १९४२. जागा स्विर नदीचा काठ. ओनेगा सरोवरातून निघून लाडोगा सरोवराला मिळणाऱ्या या नदीवर फिनिश सैन्य सप्टेंबर १९४१ मध्ये, जर्मनीच्या बाजूने लढत, येऊन थांबलं आणि १९४४ च्या जूनपर्यंत तिथेच राहिलं. समोर लाल सेना. हा आर्मरर नाव-गाव असलेला कुणी एक नाही. अशा आघाडीवर हे काम करणाऱ्यांच्या दिवसांतून हा दिवस मी जुळवला आहे. हत्यारं, कारखाने आणि साल-आकडे मात्र खरे आहेत.

पहाटे ६

जमिनीत खणून लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेल्या खोलीला फिनिश सैनिक कोर्सू म्हणतात. रात्रभर पाळीपाळीने जागून कुणीतरी शेगडीत लाकूड घालत राहिलेलं असतं, म्हणून आत उबारा आहे. बाहेर पारा शून्याखाली ३५ च्याही खाली. तो हिवाळा त्या भागातल्या लोकांच्या आठवणीत राहील इतका कडक होता.

कॉफी नावालाच. खरी कॉफी युद्धाने खाल्ली. आता भाजलेली राय आणि मुळं यांचा काढा. तो पिऊन आर्मरर पहिलं काम करतो ते हत्यारं मोजण्याचं, आणि त्यासाठी बाहेर जातो. हत्यारं आत ठेवायची नाहीत, हा इथला पहिला धडा. थंडगार लोखंड उबदार खोलीत आणलं की हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते, फटीफटीत शिरते. ते हत्यार पुन्हा बाहेर नेलं की त्याच पाण्याचा बर्फ होतो आणि बोल्ट जागच्या जागी गोठतो. माणूस गरम झाला की हत्यार निकामी होतं. म्हणून रायफली बाहेर, छपराखाली, थंडच राहू द्यायच्या.

पिस्तुलाची अडचण इथेच सुरू होते. ते कमरेला असतं. अधिकारी कोर्सूत शिरला की तेही शिरतं, बाहेर पडला की तेही पडतं. रायफलीला लावलेला नियम पिस्तुलाला लावता येत नाही. दिवसातून पाच-सात वेळा ऊब आणि गारठा यांच्यात येरझारा घालणारं हे सैन्यातलं एकमेव हत्यार. थंडीसाठी वेगळं पिस्तूल लागतं ते मुळात यासाठी, असं मला वाटतं. उत्तर ध्रुवाजवळचा देश म्हणून थंडीचं पिस्तूल, एवढं म्हणून भागत नाही.

सकाळी ७.३०

दुरुस्तीची खोली वेगळी. एक टेबल, एक शिकंजा, कानशींचा संच, पकडी, पंच, हातोडी, रॉकेलचा डबा, कार्बाइडचा दिवा. अजून अंधारच आहे. पावणेनऊशिवाय उजाडत नाही.

टेबलावर आलेला माल पाहिला की या सैन्याची कुंडली कळते. मोसिन-नागां जातीच्या रायफली, त्यातल्या कित्येक झारच्या काळातल्या. सुओमी केपी/-३१ मशीन-पिस्तुलं, जी लाहती यांनीच आखली. शत्रूकडून मिळालेल्या सोव्हिएत डेग्त्यारोव्ह मशीनगन. आणि लाहती-सालोरांता एम/२६ ही हलकी मशीनगन.

या शेवटच्या मशीनगनपाशी थोडं थांबायला हवं. तीही लाहती यांचीच. आर्व्हो सालोरांता हे सहकारी. कारागिरी उत्तम, नेमबाजी अचूक, पण भाग इतके आवळ बसवलेले की जरा घाण, जरा घट्ट झालेलं तेल, आणि ती अडायची. सोव्हिएत संघाविरुद्धच्या १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सैनिकांनी तिला सोडून शत्रूच्या पडलेल्या डेग्त्यारोव्ह उचलल्या, कारण त्या ढिल्या होत्या आणि ढिल्या म्हणूनच चालत होत्या. त्याच माणसाने थंडीत न अडणारं पिस्तूल बनवलं. त्यात हा अनुभव किती मुरला होता ते मोजता येणार नाही. पिस्तुलाची आखणी तर युद्धाच्या आधीची आहे. पण थंडीत लोखंड काय करतं हे लाहती यांना शिकवणीतून कळलं नव्हतं. १८९६ साली वियाला गावी जन्म, शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं, पोरवयात काच कारखान्यात काम, आणि १९२० च्या दशकात लष्करात शस्त्रदुरुस्ती. ते स्वतः आर्मरर होते. या टेबलावरचा माणूस आणि पिस्तुलाचा कर्ता एकाच जातीचे आहेत, आणि या पिस्तुलाचे गुण आणि दोष दोन्ही मला त्या एका गोष्टीत दिसतात.

सकाळी ९

उजाडलं. एक तरुण लेफ्टनंट आत येतो आणि कातडी म्यानातून पिस्तूल काढून टेबलावर ठेवतो.

"अडतंय."

"कधीपासून, साहेब?"

"परवापासून. पहिली गोळी सुटते, दुसरी पूर्ण वर चढत नाही."

आर्मरर मॅगझीन काढतो, नळीत गोळी नाही ना ते पाहतो आणि पिस्तूल हातात तोलतो. वजन सव्वा किलोच्या आसपास, पिस्तुलाच्या मानाने भारी. मूठ तिरकी, नळी बारीक आणि पुढे आलेली. लांबून पाहणाऱ्याला हे जर्मन लुगर वाटेल आणि तसं वाटायला कारण आहे: फिनिश सैन्याने १९२० च्या दशकात ७.६५ मिलिमीटरची लुगर घेतली होती, एम/२३ या नावाने, आणि हातांना त्या मुठीची सवय झाली होती. पण साम्य बाहेरचंच. लुगरच्या पाठीवर गुडघ्यासारखा वर उडणारा सांधा आहे. गोळी सुटताना तो उघडा पडतो, आणि बर्फाचा चुरा किंवा चिखल आत जायला तेवढी वाट पुरते. लाहतीत असं काही वर उडत नाही. बोल्ट आतल्या आत, चारी बाजूंनी बंद अशा पेटीत मागे-पुढे सरकतो. बाहेर दिसतात ते फक्त त्याचे मागचे दोन कान, बोटांनी ओढण्यासाठी. घोडाही आत लपलेला. रिकामी पुंगळी बाहेर पडायला जी खिडकी आहे ती बोल्ट पुढे असताना बोल्टनेच भरलेली असते. बर्फात पडलं तरी झटकून उचलावं, असा बंदोबस्त.

तो कान धरून बोल्ट मागे ओढतो आणि सोडतो. बोल्ट पुढे जातो, पण रेंगाळत. त्याला बहुधा तिथेच कळलेलं असतं.

"तेल कुणी घातलं?"

"मीच. गंज चढेल म्हणून."

"किती?"

लेफ्टनंट उत्तर देत नाही. आर्मरर पिस्तूल उलटं करून दिव्याजवळ धरतो. फटीतून तपकिरी, मधाइतकं घट्ट तेल हळूहळू पुढे येतं.

सकाळी ९.३०

आता उघडणं. लाहतीचा वरचा भाग सांगाड्यापासून वेगळा करणं शिकवलेल्या सैनिकालाही जमतं: नळी मागे दाबायची, डाव्या बाजूची छोटी कळ फिरवायची, नळी आणि पेटी मिळून पुढे सरकवून काढायची. खरं काम त्यापुढे. बोल्ट, त्याच्या पोटातली स्प्रिंग, कुलुपाचा ठोकळा आणि वेग देणारी तरफ सुटी करायला हत्यारं, जागा आणि सराव लागतो. तंबूत, हातमोजे घालून, मिणमिणत्या उजेडात हे करायला गेलेल्याची एक तरी गोष्ट बर्फात हरवणारच. म्हणून सैनिकांना सांगितलेलंच असतं: पुढे जाऊ नका, आर्मररकडे न्या.

टेबलावर एका कापडावर एकेक भाग ओळीने मांडला जातो. कुलुपाचा ठोकळा पालथ्या नालेच्या आकाराचा. गोळी सुटण्याच्या क्षणी हा ठोकळा बोल्ट आणि नळीची पेटी यांना एकत्र अडकवून ठेवतो, म्हणजे नळीत वायूचा दाब पुरेसा उतरेपर्यंत मागचं दार उघडत नाही. दोघं मिळून थोडंसं मागे येतात, ठोकळा सरकतो, बोल्ट मोकळा होतो. नळी थांबते, बोल्ट पुढचा प्रवास एकटा करतो.

इथवर हे इतर अनेक पिस्तुलांसारखंच. लाहती यांची खास भर म्हणजे ती छोटी तरफ, बोटाच्या पेराएवढी. मागे येणारी नळी थांबण्याच्या बेतात असताना तिच्यात उरलेला जोर ही तरफ बोल्टला देते. त्याला मागून जणू एक ठोसा मिळतो आणि तो जास्त वेगाने मागे जातो. ही युक्ती मशीनगनची. पिस्तुलात ती घालायचं कारण एकच: थंडीत तेल घट्ट होतं, काडतुसातली दारूही जरा मंद जळते, बोल्टचा वेग कमी पडतो, रिकामी पुंगळी नीट बाहेर फेकली जात नाही, पुढची गोळी वर येत नाही. तेव्हा वाया जाणारा जोर गोळा करून बोल्टच्या पाठीत घाला.

तज्ज्ञांत यावर वाद आहे. ही तरफ नसली तरी पिस्तूल चालतं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझं मत असं, की लाहतीच्या थंडीतल्या भरवशाचं मोठं श्रेय त्या बंद पेटीला आणि भारी, काटेकोर घडणीला जातं. तरफ हा त्यावरचा विमा. पण जो स्वतः आर्मरर होता त्या माणसाने विमा उतरवला, यात मला काही जास्तीचं वाटत नाही.

आर्मरर एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवतो, ब्रशने घासतो, पुसतो. मग जाड तेलाऐवजी पातळ तेलाचा फडक्यावरचा जेमतेम पुसट हात. लोखंडाला तेलाचा वास यावा, स्पर्श कळू नये, एवढंच. कडक थंडीत काही भाग तर कोरडेच ठेवायचे. लेफ्टनंट बघत उभा आहे. त्याला वाटलं होतं की पिस्तूल बंद आहे म्हणजे आत काय घातलं याला महत्त्व नाही. झालं उलटं: बंद पेटीत बर्फ आत येत नाही तसं घातलेलं तेल बाहेरही येत नाही. आत गेलेला प्रत्येक थेंब तिथेच बसतो आणि गोठतो.

११ वाजता

जेवण. गुरुवार असल्याने वाटाण्याचं घट्ट सूप. फिनिश सैन्यात गुरुवारचा हा रिवाज जुना आहे. सोबत रायची कडक भाकरी.

लेफ्टनंटकडे लाहती असणं ही त्या वेळी थोडी भाग्याचीच गोष्ट. सैन्याने हे पिस्तूल १९३५ मध्ये स्वीकारलं, पण युवास्क्युला शहरातल्या सरकारी रायफल कारखान्यातून, म्हणजे व्हीकेटीतून, ते बाहेर पडायला वेळ लागला. ३० नोव्हेंबर १९३९ ला हिवाळी युद्ध पेटलं तेव्हा सैन्याच्या हाती जेमतेम ५०० होती. १०५ दिवसांचं ते युद्ध १३ मार्च १९४० ला संपलं, आणि त्या जगप्रसिद्ध बर्फातल्या लढाया मुख्यतः दुसऱ्याच हत्यारांनी लढल्या गेल्या. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण थंडीचं पिस्तूल म्हटलं की लोक हिवाळी युद्धाचं चित्र डोळ्यांसमोर आणतात आणि त्यात प्रत्येक अधिकाऱ्याच्या कमरेला लाहती खोचतात. तसं नव्हतं.

बनवायला ते महाग होतं. पेटी भरीव पोलादातून यंत्रावर कोरून काढायची, भाग कानशीने घासून एकमेकांत बसवायचे. युद्धकाळात त्याच कारखान्याला लाहती यांचीच २० मिलिमीटरची रणगाडाविरोधी रायफल एल-३९ ही बनवायची होती; रणगाडे समोर उभे असताना पिस्तुलाचा नंबर मागे लागणार. सगळी मिळून फिनलंडमध्ये लाहती पिस्तुलं ९ हजारांच्या आसपास बनली. पुढच्या मालिकांत काही गोष्टी गाळल्या गेल्या; नळीत गोळी आहे हे दाखवणारी पाठीवरची खूण त्यांतली एक.

दुपारी १२.३०

एम/२६ चं काम. तिचं मॅगझीन, तिच्या स्प्रिंगा, तिचं सतत पुसणं. दोन सुओमींचे भाग बदलणं. एका रायफलीचा कुंदा फुटला आहे, त्याला पट्टी. यात सांगण्यासारखं फार नाही, पण दिवसाचा मोठा वाटा यातच जातो. पिस्तूल एक आलं होतं. बाकीचं सगळं हे.

दुपारी २

उजेड आहे तोवर चाचणी घ्यायला हवी. तीनच्या सुमारास सूर्य मावळेल. आर्मरर पिस्तूल आणि आठ गोळ्यांचं मॅगझीन घेऊन मागच्या उतारावर जातो. पिस्तूल आधी तासभर बाहेर ठेवलेलं आहे; गरम पिस्तुलाच्या चाचणीला अर्थ नाही.

गोळ्या ९ मिलिमीटर पॅराबेलम, सुओमी मशीन-पिस्तुलाच्याच. हा एक शहाणपणाचा निर्णय होता: मशीन-पिस्तूल आणि पिस्तूल यांचं काडतूस एकच, म्हणजे पुरवठ्याच्या गाडीत एकच पेटी.

आठही सुटतात. रिकाम्या पुंगळ्या बर्फात पडतात, तिथे वाफेची छोटी भोकं पडतात. पिस्तूल भारी असल्याने धक्का हाताला सौम्य लागतो; पुठ्ठ्यावरची भोकं जवळजवळ आहेत. तो पुंगळ्या वेचून घेतो. पितळ परत जायचं असतं.

पुढे स्वीडनमध्ये याच चांगल्या पिस्तुलाला काडतुसानेच दुखापत केली. स्वीडनने जर्मन वॉल्थर पी-३८ घ्यायचं ठरवलं होतं. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीहून पुरवठा आटला आणि स्वीडिश सैन्य शेजारच्या लाहतीकडे वळलं. परवान्यावर ते हस्कवर्ना कंपनीने एम/४० या नावाने १९४० ते १९४६ या काळात बनवलं, सुमारे ८४ हजार, म्हणजे मूळ देशापेक्षा कितीतरी जास्त. १६८९ मध्ये बंदुकांसाठी सुरू झालेली ही कंपनी. तिच्या चिन्हातला मुकुटासारखा आकार म्हणजे बंदुकीच्या माशीचं समोरून दिसणारं रूप. तेच चिन्ह आज पुण्याजवळ चाकणला बनलेल्या हस्कवर्ना मोटारसायकलींच्या टाकीवर दिसतं. तर स्वीडनने पुढे मशीन-पिस्तुलासाठी जास्त दाबाचं काडतूस आणलं आणि तेच या पिस्तुलातही वापरलं गेलं. कित्येक वर्षांनी पोलादाला तडे जाऊ लागले. १९८० च्या दशकात एम/४० मागे घेतलं गेलं, जुनी वॉल्थर पुन्हा बाहेर काढली गेली, आणि मग ग्लॉक आलं. उणे ४० ला हार न जाणारं पिस्तूल चुकीच्या गोळीने हरलं.

दुपारी ४

लेफ्टनंट पिस्तूल न्यायला येतो. आर्मरर त्याला एक फडकं देतो, तेलाचा जेमतेम डाग असलेलं.

"साहेब, याच्याशिवाय काही लावू नका. कोर्सूत जाताना म्यानासकट काढून बाहेर, दारापाशी अडकवा. आत न्यायचंच असेल तर आतच राहू द्या, पूर्ण कोरडं करून मगच बाहेर काढा."

"आणि रोज पुसायचं नाही?"

"बाहेरून पुसा. आतलं माझ्याकडे द्या. महिन्यातून एकदा."

एका कारागिराने हत्यार आखलं तेव्हा ते दुसऱ्या कारागिराच्या भरवशावर आखलं. अमेरिकन कोल्ट साध्या सैनिकाला डोळे झाकून सोडता यावं असं होतं, रशियन टोकारेव्ह तर त्याहून साधं. लाहती यांनी सैनिकाच्या हातातून काळजी काढून घेतली आणि मागच्या खोलीतल्या माणसाकडे दिली. ज्या सैन्यात रेजिमेंटला पुरेसे चांगले आर्मरर आहेत त्या सैन्याला हे परवडतं. फिनलंड हा छोटा देश, सैन्य आपापल्या गावच्या सुतार-लोहारांनी भरलेलं. तिथे ते चाललं. याहून कितीतरी मोठ्या सैन्यासाठी मी हे पिस्तूल निवडलं नसतं. पण जे चाललं ते का चाललं, हे या टेबलाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शस्त्रांची पुस्तकं मात्र या टेबलाबद्दल फारच थोडं लिहितात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

संध्याकाळी ६

सॉना. आघाडीवरही ती बांधलेली आहे, कारण तिच्याशिवाय फिनिश माणूस हिवाळा काढत नाही. मग कोर्सूत फावल्या वेळचं लाकूडकाम. त्या थांबलेल्या आघाडीवर सैनिकांनी बर्च लाकडाच्या पेट्या, दिवे, वाडगे हजारोंनी कोरले आणि घरी पाठवले. आर्मररला कानस आणि शिकंजा दोन्ही हाताशी असल्याने त्याच्याकडे लोकांची रांग लागते: सुऱ्याला मूठ बसवून दे, पात्याला धार लावून दे. हे कामही तो तितक्याच लक्षाने करतो.

युद्ध संपल्यावर या हातांना आणि त्या कारखान्याला काय करावं लागलं, तेही इथे सांगतो. सोव्हिएत संघाला युद्धभरपाई म्हणून फिनलंडने १९५२ पर्यंत जहाजं, यंत्रं असा माल दिला. युवास्क्युलाचा रायफल कारखाना सरकारी धातू-कारखान्यांच्या समूहात गेला, त्याचंच पुढे वाल्मेट झालं, आणि त्याच तोउरुला भागातल्या शेडांमधून १९५० च्या दशकात वाल्मेट ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. लाहती १९७० साली युवास्क्युलातच वारले. फिनिश सैन्यात त्यांच्या पिस्तुलाची जागा पुढे ब्राउनिंगने घेतली.

रात्री ९

नोंदवही. पिस्तूल एक, लाहती, तेल काढलं, चाचणी ठीक. सुओमी दोन. एम/२६ एक, स्प्रिंग मागवली. ही तिसऱ्यांदा मागवली आहे हे तो शेजारी लिहितो आणि खाली रेघ ओढतो. उद्याच्या कामात पहिली ओळ: नवीन आलेल्या अधिकाऱ्यांना तेल किती लावायचं ते दाखवणे. फडकं सोबत नेणे. मग शेगडीची पाळी कुणाची ते विचारून तो आडवा होतो. पाळी दोन वाजता त्याचीच आहे.